तेरवीआधी सायकलीचं नाव नाही

जुन्या सायकली दुरुस्त करणाऱ्यांकडे दोन गोष्टी कधीच संपत नाहीत. एक, डबाभर गंजलेले नटबोल्ट आणि दुसरी, किस्से. दोन्हींचा उपयोग शून्य, पण फेकवत नाहीत! आमच्या खामगावच्या टोळीकडे तर आता सायकलींपेक्षा किस्सेच जास्त उरलेत.

टोळी म्हणजे तिघंच. मी, बँकेतून रिटायर झालेला. शेषराव, वडनेर भोलजीचे रिटायर मास्तर. आणि दिनकर, तेलाच्या मिलमधला फिटर. दर रविवारी त्याच्या अंगणात जमायचं, रॉकेलमध्ये नट भिजत घालायचे आणि चहा प्यायचा. नाद एकच. दुसरी लढाई संपल्यावर विलायतेतून आलेल्या सायकली उभ्या करायच्या, त्याही ओरिजनल पार्ट लावून. ओरिजनल कशावरून? थुंकी लावून अंगठा घासायचा. खालून कंपनीचा शिक्का निघाला तर ओरिजनल, नाहीतर भंगार.

*

असले पार्ट दुकानात मिळत नाहीत. म्हातारी माणसं गेली की त्यांच्या गोठ्यात मिळतात. त्यामुळे आसपासच्या मौतींना आम्ही फार मनापासून जायचो!

एकदा शेषराव तिसऱ्याच दिवशी एका घरी भेटायला गेले. तोंड पाडून बसले. गेलेल्या माणसाचा मुलगा डोळे पुसत म्हणाला, "बाबा अचानकच गेले हो, काही राह्यलं नाही."

शेषराव दचकून म्हणाले, "मडगार्डबी नाही?"

तिथून ते कसे निसटले ते त्यांनाच ठाऊक. दिनकरने मात्र त्याच रविवारी कायदा केला. तेरवी होईपर्यंत सायकलीचं नाव काढायचं नाही. मरणारा कोणीही असो!

*

कायदा शेषरावांनी काटेकोर पाळला. जानेफळचे एक आजोबा गेल्याचं कानावर आलं, तर तेरवी उलटेपर्यंत मास्तरांनी कळ काढली. मग पांढरी टोपी घालून गेले आणि ओसरीवर मान खाली घालून बसले.

पाण्याचा तांब्या घेऊन स्वतः आजोबाच बाहेर आले!

शेषरावांना घाम फुटला. "कसं... बरं हाय ना?"

आजोबा म्हणाले, "सायकलीसाठीच आले ना मास्तर? तिले भंगारवाला घेऊन गेला. तिची तेरवी झाली, माही बाकी हाय."

*

दिनकरची स्वतःची सायकल त्याच्या वडिलांची. हँडल, चेनकव्हर, ब्रेकच्या दांड्या, सगळं त्याने शिक्क्यानिशी जमवलं. राहिली फक्त घंटी. मूळची आठवडी बाजारात चोरीला गेली होती.

त्या घंटीपायी दिनकर वेडा झाला होता. त्याच्या दारासमोरच्या नालीवरची फरशी पहिल्यापासून खचलेली. वडिलांची सायकल तिच्यावर आपटली की घंटी आपोआप वाजायची. "बाबा आले हे आवाजावरून समजे," तो सांगायचा. "अन् ही तवा नवी नवरी. घंटी वाजली का हातातलं सोडून पयले डोक्यावर पदर! एक डाव पोळी जळली, पन पदर चुकला नाही."

वहिनी आतून ओरडायच्या, "मामंजीचा धाकच तसा होता! तुमचा हाय का कोनाले?"

तशीच घंटी शेषरावांकडे होती, काचेच्या कपाटात. दिनकरने किती मनधरणी केली. मास्तर म्हणायचे, "जीव माग बे, घंटी मागू नोको."

"तुमच्या जिवावर शिक्का कोठी हाय मास्तर!" दिनकर म्हणायचा.

*

तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने दिनकरचा घसा खाल्ला. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. आम्ही दोघं सोबत होतो. दिनकरने शांतपणे विचारलं, "अन् त्या जागी जे बसवसान, ते ओरिजनल राहीन का?"

डॉक्टर म्हणाले, "त्या जागी काही बसवत नाही."

त्याचा हा शेवटचा विनोद. आम्हाला हसू आलं नाही, आणि आपण हसायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

*

आवाज गेल्यावर दिनकर वहिनींना टाळ्या वाजवून बोलवायचा. मिक्सर चालू असला की त्यांना ऐकू यायचं नाही. मी बाजारातून नवी चकचकीत घंटी आणून त्याच्या खाटेला बसवून दिली.

दिनकरने ती उलटी केली. अंगठ्याला थुंकी लावून घासलं. शिक्का नाही. हळूच काढून माझ्या हातात ठेवली आणि परत टाळी वाजवली.

वहिनी पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "यायले मरनबी ओरिजनलच लागते वाटते!"

*

मग मी वडनेरला गेलो. शेषरावांना म्हटलं, "मास्तर, आता तरी द्या. त्याचं काही खरं नाही."

मास्तर कपाटासमोर उभे होते. काच पुसत म्हणाले, "आजपावतर नाही नाही म्हतलं, अन् आता एकदम नेऊन देल्ली तं तो काय समजन? समजन का मास्तरनं घंटी देल्ली, म्हंजे आपलं सरलं. मी नाही म्हनतो तोवर त्याले वाटते ना, का अजून टाइम हाय."

मला चीड आली होती. तसाच परत आलो.

*

दिनकर गेला त्या सकाळी शेषराव वडनेरहून आले. कोणी कळवायच्या आधीच निघाले असावेत, कारण अंगणातली गर्दी पाहून ते दारातच थांबले. सदऱ्याचा खिसा खाली ओघळला होता. हात खिशावर घट्ट दाबलेला. मी खिशाकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेरवी व्हायची होती.

तिरडी बांधून झाली. पुढून मी आणि शेषराव खांद्याला. दोन्ही हात तिरडीला लावायचे म्हणून मास्तरांनी खिशावरचा हात काढला.

वहिनी दाराला टेकून रडत होत्या. केस सुटलेले, पदर खांद्यावरून घसरलेला, कशाचंच भान नव्हतं. दोघी बाया त्यांना धरून होत्या.

आम्ही अंगणाबाहेर पडलो. नालीवरच्या फरशीवर मास्तरांचा पाय आपटला.

ट्रिंग!

मागे वहिनींचं रडणं एकदम थांबलं. मी मान वळवून पाहिलं. बायांच्या हातातून हात सोडवून घेत त्यांनी डोक्यावर पदर घेतला.