वामीच्या पोटातला सेंगा

सिरसाळ्याच्या आठवडी बाजारात केशरबाई मासे विकतात. धरणातली वाम घ्यावी तर त्यांच्याकडूनच, असे गावात म्हणतात. सापासारखा लांब, बुळबुळीत आणि पाठीवर काटे असलेला हा मासा त्या हाताला राख लावून सहज साफ करतात. वामीच्या आतड्यात चपटे पांढरे जंत निघतात, हे मात्र त्यांनी गिऱ्हाइकांना कधी दिसू दिले नव्हते. त्या पाठमोऱ्या बसून पोट फाडत आणि आतडे थेट बादलीत टाकत.

त्या बादलीतले आतडे मागणारी पहिली व्यक्ती म्हणजे योगिता. चकलांब्याच्या मेंढपाळ घरातली ही मुलगी अंबाजोगाईला प्राणिशास्त्रात संशोधन करते. तिचा विषय वामीतला हाच जंत. त्याचा वंश डोक्यावरून ठरतो. डोक्यावर बारीक आकड्यांचे कडे असते. ते अखंड असेल तर एक वंश, दोन अर्धवर्तुळांत तुटलेले असेल तर दुसरा. हे ठरल्याशिवाय प्रबंध पुढे सरकणार नव्हता.

"मावशी, जंत काढून ठेवा," तिने सांगितले.

केशरबाईंनी एकेक जंत चिमटीत धरून ओढला, मिठाच्या पाण्यात धुतला आणि डब्यात मांडून ठेवला. योगिताने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर एकालाही डोके नाही. जंत आतड्याला डोक्यानेच धरून असतो. ओढला की अंग हातात येते, डोके आत राहते.

"मावशी, मुंडकंच न्हाई एकाला बी."

"अगं बाई! मी तर लई निगुतीनं धुतले. कावून न्हाई सांगितलं आधी?"

"चूक माझीच. आतडं सबंध पाहिजे होतं, ताजं, समोर उघडलेलं."

समोर म्हणजे भर बाजारात. केशरबाईंनी विळी गिऱ्हाइकांकडे फिरवली. "बस इथं. होऊ दे काय व्हायचं ते."

नेहमीचे गिऱ्हाईक आश्रुबा वाकून पाहू लागले. "काय गं केशरे, हे चारलंस व्हय आमाला इतकी वर्षं?"

"आतडं कवा चारलं रं तुला? पाहिजे तर ने, बादलीभर हाय!"

लोक हसले, पण घेईना कोणी. तेव्हा योगिता बोलली. जंताची अंडी वामीच्या विष्ठेतून पाण्यात पडतात. त्यातून निघालेली अळी सायक्लॉप्स नावाचा बारीक जीव गिळतो, त्याला लहान मासा खातो आणि लहान माशाला वाम. सायक्लॉप्स म्हणजे ज्याच्यामुळे पूर्वी विहिरीच्या पाण्यातून नारू व्हायचा, तोच.

आश्रुबांच्या नडगीवर नारूचा जुना व्रण आहे. "मंग ह्यो बी पायातून निघल?"

"न्हाई काका. ह्यो वामीच्या आतड्यातच ऱ्हातो. मासा नीट शिजवून खा."

आश्रुबांनी पिशवी पुढे केली. "बारकी दे एक," ते म्हणाले. मग बाकीचेही पुढे सरकले.

आतडे कोमट पाण्यात उघडल्यावर जंतांनी पकड सोडली. सूक्ष्मदर्शकाखाली आकडे दोन अर्धवर्तुळांत दिसले. वंश ठरला. पुढच्या आठवड्यात योगिता पेढे घेऊन बाजारात आली.

"सेंगा निघाला, मावशी."

"शेंगा? भुईमुगाच्या?"

"सेंगा! जंताचं नाव हाय. तुमी नसता तर माझं कामच अडलं असतं. आभारात पहिलं नाव तुमचंच टाकणार हाय."

केशरबाईंनी पेढा तोंडात टाकला. "टाक की. पण जंताच्या शेजारी नको गं, वामीच्या शेजारी टाक."