मास्तरांच्या वहीतला पाऊस

इडुक्कीच्या डोंगरात मिऱ्याचे वेल आर्द्रा नक्षत्रात लावतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. निवृत्त मास्तर कोचुवर्कींना मात्र तो अडाणीपणा वाटे. वहीत टिपल्याखेरीज पाऊस पडला, असं ते मानतच नसत.

“पावसाने सरासरी गाठल्याशिवाय वेलाला हात लावायचा नाही!” हा त्यांचा दरवर्षीचा हुकूम, पडवीतून सुटणारा.

यंदा आर्द्रा सरता सरता सरासरी भरली, आणि मास्तर प्रथमच छत्री घेऊन जातीने मळ्यात उतरले. पाहतात तो आधाराच्या पांगाऱ्यापांगाऱ्याशी वेल लावलेला, त्याला कोवळी पानंही फुटलेली.

“कुणाचा हा आगाऊपणा?”

“माझा. दरवर्षीचाच,” बायको अच्चम्मा म्हणाली. “अहो, तीस वर्षं पाऊस मोजलात, पण एकदाही भिजला नाहीत.”