पुट्टी न भरणारे मिस्त्री

गाडी शेडमध्ये शिरली की मिस्त्री मालकाला नमस्कार करायचे नाहीत. आधी बोटाच्या पेरानं पत्र्यावर टकटक करायचे, कान द्यायचे आणि मग मालकाकडं असं बघायचे, की जणू त्यानं पापच केलंय. 'पुट्टी हाय,' एवढंच म्हणायचे.

सोलापुरात अक्कलकोट रोडला त्यांची शेड होती. जुन्या मोटारींचे चेपलेले पत्रे, खड्ड्यात पुट्टीचा लेप न भरता, ठोकून सरळ करणं हा त्यांचा धंदा आणि गिऱ्हाईक पळवून लावणं हा छंद. तुमच्याही गावात असा एखादा कारागीर असेलच. हात सोन्याचा, जीभ कानशीची.

एका पुढाऱ्यानं हौसेनं जुनी मोटार घेतली आणि नवा रंग मारून दाखवायला आणली. सोबत चार कार्यकर्ते. मिस्त्रींनी टकटक केली. 'सायेब, ही गाडी न्हाय, गणपती हाय. आत सगळं प्लास्टर. पावसात काढू नका, विसर्जन हुईल.' कार्यकर्ते हसले, पुढारी हसला नाही. त्याच्या ओळखीतलं एकही गिऱ्हाईक पुन्हा शेडकडं फिरकलं नाही. मिस्त्रींना याचा अभिमान होता.

माझ्या वडिलांच्या फियाटचं डावं मडगार्ड उसाच्या ट्रॉलीनं चेपलं, तेव्हा मी त्यांच्याकडंच गेलो. मी कॉलेजात शिकवतो, त्यामुळं अपमान ऐकून घ्यायची सवय होती.

'पुट्टी भरून आठ दिवसांत कुणीबी दील,' ते म्हणाले. 'माझ्याकडं पत्रा बोलला पायजे.'

पत्रा बोलायला आठ महिने लागले.

पुढं वर्षभरात, एकदा गाडी धुताना मडगार्डचा रंग फुगलेला दिसला. नखानं खरवडला, तर भिंतीचा गिलावा सुटावा तसा पोपडा हातात आला. पुट्टी! बोटभर जाड.

खरं सांगतो, मला राग कमी आणि आनंद जास्त झाला. पोपडा रुमालात बांधून, गिऱ्हाइकं असतील अशी वेळ साधून मी शेडवर गेलो.

'मिस्त्री, हे काय हाय बघा की,' मी त्यांच्याच सुरात विचारलं.

त्यांनी पोपडा उलटासुलटा केला. 'पुट्टी.'

'कुणी भरली?'

'मीच की.'

दोन गिऱ्हाइकं फिसकन हसली. मिस्त्रींनी उजवा हात पुढं केला. तो थरथरत होता. 'दोन वर्सं झाली. बारका हातोडा बोटांत ऱ्हातच न्हाय. कुणाला सांगू?'

या दोन वर्षांत पुट्टीवरून त्यांनी किती जणांना झापलं असेल, हा हिशोब माझ्या ओठांवर आला होता. तो मी गिळला. 'राहू दे मिस्त्री, चालतंय.'

'तुमाला चालतंय. मला न्हाय. गाडी ठिवून जावा,' ते खेकसले.

हातोडा मुठीला फडक्यानं बांधून त्यांनी ते मडगार्ड पुन्हा ठोकलं. दीड महिना. गाडी घ्यायला गेलो, तर स्वतःच उन्हात ओढून दाखवली. 'हितं लाट ऱ्हायली बगा. दिसती. पण पत्रा हाय.'

ते त्यांचं शेवटचं काम. शेड बंद करून ते दुधनीला लेकीकडं निघाले. मी म्हटलं, फियाटनं सोडतो.

'त्या गाडीतनं? मडगार्ड बगून लोक इचारतील की, कुणी केलंय म्हनून!'

एसटी स्टँडपर्यंत मी त्यांची पिशवी घेऊन मागं मागं गेलो. खिडकीपाशी बसल्या बसल्या ते शेजारच्या माणसाला काहीतरी सुनावत होते. उजवा हात डाव्या हातानं मांडीवर घट्ट दाबून धरला होता. बस हलली, वळली. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.