शरच्चंद्राचा शांत वर्ग

शुक्रवार, १२ जानेवारी १८९४. सकाळी थंडी होती. शरच्चंद्र कॉलेजात कायम झाला. घरी आला तो कोटासकट आडवा झाला.

शरच्चंद्र माझा भाचा. गिरगावात माझ्याकडेच राहतो, कॉलेजात इतिहास शिकवतो. वर्गात कुणी तोंड उघडत नाही, मुलं नुसतं उतरवून घेतात, ही त्याची खंत. दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्याने चार विद्यार्थ्यांना फराळाला बोलावलं आणि विचारलं, "माझ्या वर्गात बसून कसं वाटतं? खरं सांगा."

"फार छान, सर," चौघेही म्हणाले.

तो पाणी आणायला आत वळला. मी दाराआड होते. गंगाधर नावाचा मुलगा शेजारच्याला म्हणाला, "वर्गात विचार की रे तुझी ती शंका! इंग्रजी घसरलं की मागचे बाक दात काढायला बसलेतच."

मुलं गेल्यावर मी ते शरच्चंद्राला सांगितलं. लहानपणी मिशनच्या ननांच्या इंग्रजी शाळेत आम्हीही याच भीतीने मुक्या बसायचो.

दुसऱ्या दिवसापासून त्याने मराठीत शंका विचारायची मुभा दिली. वर्ग बोलू लागला. "आत्या, आज तास संपला तरी उठेनात!" असं सांगत घरी यायचा. मग त्याने प्रिन्सिपॉलसाहेबांकडे आठवड्याला एक तास मराठीतल्या प्रश्नांसाठी मागितला. साहेब म्हणाले, "वर्ग पाहून ठरवतो. तुम्हांला कायम करायचं की नाही, तेही."

काल साहेब मागच्या बाकावर येऊन बसले. शरच्चंद्र पुन्हा पुन्हा विचारत राहिला, "कुणाला काही शंका?" एकाचाही हात वर झाला नाही.

तास सुटल्यावर गंगाधर हसत पुढे आला. "सर, आम्ही सगळ्यांना बजावलं होतं, साहेबांसमोर हूं की चूं करायचं नाही. शंका काढल्या तर सरांचं शिकवणं कच्चं दिसेल."

आज हुकूम आला. वर्गाची शिस्त उत्तम, नोकरी कायम. प्रश्नांच्या तासाची गरज नाही. वर्ग असाच चालवावा, आणि इंग्रजीतच.

"साहेबांना खरं सांग ना," मी म्हटलं.

"काय सांगू, आत्या? मुलांनी मिळून तुम्हांला फसवलं? मला एक वेळ माफ करतील, त्यांना कॉलेजातून काढतील."

"मग उद्या?"

"उद्या मी बोलायचं, त्यांनी उतरवायचं." तो भिंतीकडे तोंड करून निजला.

संध्याकाळी घासलेट संपलं. शेजारच्या मीराबाईंकडून बाटलीभर आणलं.