बंद खिडक्यांच्या गावातला मार्गशीर्ष

किस्से काही मुद्दाम जमवावे लागत नाहीत. काळजीतली दोन-चार माणसं एका खोलीत बसली, की ते आपोआप साठत जातात. फ्रीजमध्ये प्रसादाच्या पुड्या साठतात ना, तसे. टाकवत नाहीत, आणि एकटीने संपतही नाहीत. म्हणून वाटायला बसले आहे.

गेल्या हिवाळ्यात बोरिवलीतल्या आमच्या गुरुवारच्या बैठकीत सोसायटीचं पाणी, कुणाची सून, कुणाचा गुडघा हे सगळे विषय मागे पडले. आम्ही बोलत बसलो ते कुणीच न पाहिलेल्या एका गावाबद्दल. फ्रान्समधलं, अगदी समुद्राला लागून. त्याचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. माझी लेक ऋचा तिथे राहते. तेव्हा तिला आठवा लागला होता. त्याआधी एकदा तिसऱ्याच महिन्यात सगळं संपलं होतं, त्यामुळे या खेपेला फोन वाजला तरी मी उचलायच्या आधी देवाचं नाव घ्यायचे.

जावई, निखिल, समुद्रात उभ्या केलेल्या पवनचक्क्यांच्या कामावर. पंधरवडाभर बोटीवर, पंधरवडाभर घरी. माझं तिकीट संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यातलं. तोवर ती, तिचं पोट आणि समोर तो समुद्र!

आणि बैठक म्हणजे तरी कोण? मी. वरच्या मजल्यावरची शुभदा, बँकेतून रिटायर झालेली, तोंडाने फटकळ. आणि गोराईची हिरा, आमची मासेवाली. मार्गशीर्षातल्या गुरुवारी तिच्याकडून कुणी काही घेत नाही, म्हणून ती टोपली घरी ठेवते आणि सरळ माझ्याकडे येऊन बसते.

"तुमच्या व्रतानं माझा धंदा बसवला ना ताई? मग आता परसाद तरी पोटभर खाऊ दे!"

*

पहिल्याच व्हिडिओ कॉलवर ऋचाने फोन खिडकीबाहेर धरून रस्ता दाखवला. भर दुपार, आणि सगळ्या घरांच्या खिडक्यांना पट्ट्यापट्ट्यांची लाकडी दारं, घट्ट लावलेली. दुकानं बंद. आइस्क्रीमवाल्याचं शटर खाली. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

मी ओरडलेच, "अगं, काय झालंय? दंगल-बिंगल? कर्फ्यू आहे का?"

"आई, काही झालेलं नाही. ही घरं पॅरिसवाल्यांची. ते उन्हाळ्यात येतात. हिवाळ्यात गाव असंच असतं, एक बेकरी तेवढी उघडी."

"आणि तुमच्या बिल्डिंगमध्ये?"

"मी आहे. खालच्या मजल्यावर मादाम ओदिल आहेत, ऐंशीच्या. बाकी कुणी नाही."

मी म्हटलं, "हे बघ, तू सगळ्या खोल्यांतले दिवे लावून ठेव. घरात माणसं आहेत असं वाटलं पाहिजे."

"कुणाला वाटलं पाहिजे, आई? बघायला तरी कोण आहे?"

हिरा इतका वेळ डोळे बारीक करून स्क्रीनकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "एवढा मोठा दर्या, आणि एक पण गिऱ्हाईक नाय? काय गो बाय ही जागा!"

*

त्याच दिवशी मी नवस बोलले. ऋचा सुखरूप सुटेपर्यंत चहा घेणार नाही.

मला ओळखणाऱ्यांना यातलं गांभीर्य लगेच कळेल. सकाळी दोन, दुपारी एक, संध्याकाळी एक, शिवाय कुणी आलं की त्यांच्यासोबत. चहाशिवाय मी म्हणजे सोसायटीच्या दृष्टीने धोकाच!

शुभदा म्हणाली, "मंदा, दुधी सोडायचास ना. तसाही तुला आवडत नाही."

"देवाला काय कळत नाही का गं, मी आवडीचं सोडतेय की नावडीचं?"

आठवड्याभरात आमचे हे रडकुंडीला आले. माझ्यासमोर चहा घ्यायची त्यांना चोरी. पेपर घेऊन खाली जायचे आणि टपरीवर उभ्याने चहा पिऊन वर यायचे. एकदा वॉचमनने मला विचारलं, "काकी, साहेब रोज खाली चहा पितात, घरी सगळं ठीक आहे ना?"

मी ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "नवस तू बोललीस, आणि घराबाहेर मला काढलंस!"

*

ऋचालाही तिथे गुरुवारचा घट मांडायचा होता. मीच म्हटलं होतं, जमेल तेवढं कर, देवी समजून घेते. आंब्याची पानं तिकडे कुठली? तिने मादामच्या कुंडीतल्या तमालपत्राच्या झाडाची पाच पानं आणली. हे मला चाललं. पण नारळ बघितला आणि मी पाटावरच बसले.

शेंडीच नाही! तिकडे सुपरमार्केटमध्ये नारळ पार तासूनपुसून, वर स्टिकर लावून ठेवतात. गुळगुळीत टक्कल. असला नारळ घटावर ठेवायचा? पहिल्याच गुरुवारी? तेही आठव्या महिन्यात?

"ऋचा, दुसरा बघ ना."

"आई, सगळे असेच आहेत."

"मग कुठे इंडियन दुकान वगैरे?"

"ट्रेनने दोन तास लांब. आणि बाहेर वारा असा आहे की दार उघडायला खांदा लावावा लागतो."

पोथी तशीच उघडी. कॉल चालू. तेवढ्यात हिराने आरामखुर्चीत पेपर वाचत बसलेल्या आमच्या ह्यांच्या डोक्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, "ताई, टकला झाला म्हणून नवऱ्याला ओवाळायचं सोडलं काय तुम्ही?"

ऋचा तिकडे एवढी हसली की मला तिच्या पोटाचीच भीती वाटली!

शेवटी तिने बेकरीच्या खोक्याची सुतळी सोडली, तिची शेंडी करून नारळाला बांधली, आणि पूजा झाली. ह्यांनी मात्र पेपर चेहऱ्यासमोर धरला तो आरती संपेपर्यंत खाली घेतला नाही.

*

संध्याकाळी हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं? अख्ख्या गावात ओळखीच्या एकट्या मादाम! आणि त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. ऋचाने मला विचारलं, कारण तिला वाटलं, आईला आवडणार नाही.

मी देव्हाऱ्याकडे बघितलं. त्या परक्या गावात माझ्या लेकीच्या पायाखालच्या मजल्यावर एकच माणूस जागं असतं, आणि त्याला मी दारात थांबवू?

"लाव गं. आधी त्यांना लाव."

मादाम नटूनथटून आल्या, गळ्यात मोत्यांची माळ घालून. कपाळावर कुंकू घेऊन आरशात बघितलं आणि ऋचाला विचारलं, "हे किती तास ठेवायचं असतं?" औषध विचारावं तसं! ऋचा म्हणाली, तुमच्या मनाप्रमाणे. तर बाई तशाच बेकरीत गेल्या. बेकरीवालीला वाटलं कपाळाला लागलंय, ती कापूस घेऊन धावली.

पुढच्या गुरुवारी बेकरीवालीसुद्धा हजर! आमच्या कॉलमध्ये दोघी शेजारी शेजारी बसल्या, आणि इथून आम्ही तिघींनी हात जोडले. त्या दोघींनीही जोडले. मग पाच मिनिटं सगळ्या नुसत्याच हसत बसलो.

त्याच दिवशी ऋचाने त्यांना माझ्या नवसाचं सांगितलं. मादामनी भुवया वर केल्या. फ्रेंचमध्ये बराच वेळ बोलल्या. ऋचाने मराठीत आणलं, "त्या म्हणतात, चहा सोडला तर काय सोडलं? चहा म्हणजे आजारी माणसाचं गरम पाणी. आईंनी कॉफी सोडली असती तर मी मानलं असतं."

शुभदा म्हणाली, "हिला सांग, आमच्याकडचा आल्याचा चहा एकदा पी आणि मग सोडून दाखव!"

*

या सगळ्यात एक चूक झाली होती, पहिल्याच गुरुवारनंतर. फोनवर मी म्हटलं, निर्माल्य पाण्यात सोड. ऋचाने निर्माल्याबरोबर घटावरचा नारळही समुद्रात सोडला. तो ठेवायचा असतो महिनाभर. पण तिला कोण सांगणार, सांगणारी इथे!

दुसऱ्या गुरुवारच्या आदल्या दिवशी ती पाव आणायला गेली, तर बेकरीच्या काचेत मधोमध नारळ! समोर कार्ड. कुत्रा फिरवणाऱ्या एका आजोबांना तो वाळूवर सापडला होता आणि कार्डावर लिहिलं होतं की हा दूर उष्ण देशातून महासागर ओलांडून आमच्या किनाऱ्याला लागला आहे. पाव घ्यायला येणारे दोन-चार लोक फोटो काढत होते. नारळाला सुतळीची शेंडी तशीच!

ऋचाने हसत हसत सांगितलं, पण मला हसू येईना. समुद्राने परत दिला? म्हणजे घेतला नाही? मी त्या रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी हिरा आली, तिला सांगितलं. ती कोळ्याघरची, समुद्राचं तिला विचारावं.

तिने माझा हात हातात घेतला. "अवो ताई, दर्या बोलतोय, काम अजून झालं नाय, आताच कशाला देता? काम झाल्यावर द्या."

नारळ पुन्हा घटावर बसला. बेकरीवालीने तो परत देताना कार्ड मात्र स्वतःकडे ठेवलं.

*

शेवटच्या आठवड्यात तिकडे वादळ आलं. निखिलची बोट बंदरात येऊ शकेना, बाहेरच थांबलेली. ऋचाने दाखवलं, लाटा रस्त्यावर येत होत्या आणि पाण्याचे फवारे तिच्या खिडकीवर. मी म्हटलं, "खिडकी लाव गं!" ती म्हणाली, "लावलेलीच आहे, आई."

ह्यांनी मोबाइलवर त्या गावचं हवामान लावलं. उठताबसता तेच. आंघोळीला जाताना मला सांगून जायचे, "वारा वाढतोय." जेवताना, "दिशा बदलली." बोलायचे शांत, पण पानातली पोळी तशीच राहायची.

एक दिवस खालून आरडाओरडा ऐकू आला म्हणून मी गॅलरीत गेले. हे वॉचमनकडून सोसायटीच्या सगळ्या कुंड्या उचलून जिन्याखाली ठेवून घेत होते. "लवकर कर रे, तासाभरात वादळ येतंय!"

वर स्वच्छ ऊन. वाळत घातलेला रुमालसुद्धा हलत नव्हता.

शुभदाने वरून हाक मारली, "भाऊजी, आमच्याकडे व्हिसा लागतो वादळाला!"

हे वर आले, खुर्चीत बसले आणि डोळे पुसले. मी नेहमीच्या सवयीने चहा टाकायला उठले आणि परत बसले.

*

शेवटचा गुरुवार. सकाळीच ऋचाचा मेसेज पडलेला होता. 'आई, दुखायला लागलंय. मोठ्या गावातल्या हॉस्पिटलला निघालोय. बेकरीच्या गाडीतून. मादाम बरोबर आहेत. घाबरू नकोस.'

महिनाभर आधी! निखिल बोटीवरच. त्यानंतर फोन लागेना. मेसेजवर एकच टिक. ह्यांनी हवामान बघणंसुद्धा सोडलं, मोबाइल उपडा ठेवून बसून राहिले.

संध्याकाळी उद्यापन तर करायलाच हवं होतं. मी घट मांडला. हिरा दुपारपासूनच आलेली, ती ओटीसाठी नारळ निवडून देत होती, भरघोस शेंडीचा. शुभदाने पोथी वाचायला घेतली. एकच पान तिने दोनदा वाचलं, आणि आम्हाला कुणालाही ते कळलं नाही. एरवी हिराने सोडलं असतं का तिला!

आरतीची वात मी पेटवणार, तोच फोन वाजला. ऋचाचं नाव. व्हिडिओ.

माझ्या हातात पेटलेली काडी, बटण हिराने दाबलं.

स्क्रीनवर ऋचा नव्हती. मादाम होत्या. मागे हॉस्पिटलची पांढरी भिंत. केस वाऱ्याने पिंजारलेले, कोटाचं बटण चुकीच्या काजात, आणि कपाळावर कुंकू. वाकडं, स्वतःच्या हाताने लावलेलं.

"ऋचा?" मी म्हटलं. "मादाम, ऋचा?"

त्या फ्रेंचमध्ये भराभर काहीतरी बोलल्या. आम्हाला एक अक्षर कळलं नाही. शुभदा इंग्रजीत ओरडत होती. हे उठून माझ्या मागे उभे राहिले होते आणि त्यांनी माझा खांदा घट्ट धरला होता.

मादाम थांबल्या. आमच्या तोंडांकडे बघितलं. मग बोट वर केलं, थांबा, आणि फोन कशाला तरी टेकवून बाजूला गेल्या. आम्हाला नुसती भिंत दिसत राहिली.

त्या परत आल्या. हातात कागदी कप होता. वाफ येत होती. कपाच्या काठावरून एक दोरा खाली लोंबत होता, टोकाला चहाच्या पुडीची चिठ्ठी.

मादामनी कप माझ्यासमोर, अगदी स्क्रीनला लागेपर्यंत धरला. मग स्वतः एक मोठा घोट घेतला, तोंड कडू केलं, आणि माझ्याकडे बोट दाखवून हाताने खूण केली, आता तू.

हिरा उठली आणि तिने आधण ठेवलं.