आबा, दारं मोडा!

आबांची पिशवी स्वयंपाकघराच्या दारामागं असायची आणि ती दिसली की माझं डोकं फिरायचं. आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर काटेवाडीच्या घरात ते एकटेच उरले. भाकरी थापली तर थापली, नाहीतर शेंगदाणे नि गूळ. मी भांडून त्यांना जळोचीला आमच्याकडं आणलं, पण पिशवीतले कपडे काही त्यांनी कपाटात ठेवू दिले नाहीत. वाळलेला सदरा घडी करून पुन्हा पिशवीतच. "लेकीच्या घरी पाव्हणा म्हणून यावं, कायमचं न्हाय," एवढंच म्हणायचे. आणि एक दिवस त्यांनी जाहीरच करून टाकलं, रविवारी मी जाणार.

आमच्या घरात त्यांना करण्यासारखं काही नव्हतं, हेच खरं दुखणं. दिवसभर भांडी घासायच्या नळाकडं बघत बसायचे. तो गळायचा. "पाणी वाया चाललंय गं बाय," म्हणत त्याखाली तांब्या ठेवायचे आणि भरला की परसातल्या कढीपत्त्याला घालायचे. प्लंबर फोनवर "आलोच ताई" म्हणायचा नि गडप व्हायचा. नवरा इंदापूरला नोकरीला, त्याच्याकडून काय होणार? शेवटी शनिवारी मीच पदर खोचला. वायसर आणला, पान्हा शोधला नि म्हटलं, "आबा, आपण दोघंच उरकू. तुमी गच्चीवर टाकीपाशी जावा."

टाकीला दोन कॉक. एक न्हाणीचा, एक स्वयंपाकघराचा. नळ गळतो म्हणून स्वयंपाकघराचा मी अर्धाच उघडा ठेवलेला. तो पूर्ण बंद करायचा, एवढंच काम. पण म्हटलं, त्यांच्या शेतातल्या भाषेत सांगावं, बिचाऱ्यांना बरं वाटेल. खिडकीतून ओरडले, "आबा, स्वयंपाकघराचं दारं मोडा!"

"मोडलं बघ!" वरून आवाज आला. कितीतरी दिवसांनी त्या आवाजात जीव होता.

मी ऐटीत नळ फिरवून काढला आणि अगं बाई! पाण्याचा लोट थेट तोंडावर. चष्मा कुठं गेला कळलं नाही.

"पोचलं का गं पाणी?" आबा वरून विचारतायत.

"पोचलं! पार डोक्यावरून गेलं! बंद करा आबा, बंद करा!"

"आं? आत्ता तर मोडलंय!"

घ्या! शेतकऱ्याची पोर मी, मला कळायला नको? सरीच्या तोंडाशी मातीचा आडोसा असतो, ते दारं. ते मोडलं की पाणी सरीत शिरतं. मी मात्र मोडा म्हणजे बंद करा, असं धरून चाललेली. आबांनी जन्मभर दारं धरली, मी बांधावर फक्त भाकरी पोचवली. त्यांनी आपलं सांगितलं तसं केलं होतं. न्हाणीचा कॉक आवळला, स्वयंपाकघराचा पुरता उघडला नि सगळं पाणी तिकडं वळवलं.

कॉक बंद करून आबा खाली आले. फरशीवर तळं, मी नखशिखान्त भिजलेली आणि दारामागची पिशवी पाण्यात लोळतेय. आता चिडतात, मी मनाशी म्हटलं. ते पायरीवर बसले आणि हसायला लागले. "काटेवाडीची पोर, आन् म्हनती दारं मोडा!" डोळ्यांना पाणी येईस्तोवर हसले. आई गेल्यापासून हे हसू मी ऐकलं नव्हतं. मला रडू फुटलं आणि हसूही आवरेना.

मग आबांनी नळ धरला, मी वायसर बसवला. गळती थांबली. कपडे नि पिशवी दोरीवर टाकली. उन्हाळ्याचं ऊन, दुपारपर्यंत कपडे वाळले, ते मी न विचारता कपाटात ठेवले. आबांनी ते बघितलं.

रविवारी सकाळी, सुट्टीला घरी आलेल्या नवऱ्यानं गाडी काढली. "निघायचं ना आबा?"

आबा परसात खुरपं घेऊन मोरीच्या पाण्यासाठी कढीपत्त्यापर्यंत सरी ओढत होते. मान वर न करता म्हणाले, "पिशवी वाळली न्हाय अजून."

दोरीवरची पिशवी पापडासारखी कडक झाली होती. नवरा ती चाचपायला निघाला, तसा मी त्याचा हात धरला. नळाखालचा तांब्या आता रिकामाच होता. तो भरून आणला आणि पिशवीवर ओतला.