माती कुणी खणायची

तालीम आमच्या घरापासून शंभर पावलांवर होती आणि तिथवर पोहोचायला मला तीन महिने लागले. मारुतीच्या पाया पडायच्या निमित्ताने रोज जायचो, शेजारच्या तालमीच्या दारातून आत डोकावायचो आणि परत फिरायचो. मॅट्रिक होऊन घरी शेती बघायला बसलेला मी वीस वर्षांचा घोडा, पण अंगाने नुसता सांगाडा. कापसाचं गाठोडं गाडीवर चढवताना मजुरांसमोर ते माझ्या हातून सुटलं आणि एक म्हातारी मजूरबाई ते उचलून माझ्याकडे न बघता गाडीवर टाकून गेली. त्याच दिवशी मी लंगोटाचं कापड आणलं.

कापड आणलं, पण नेसायची हिंमत होईना. धान्याच्या खोलीत कडी लावून लंगोट बांधायचा, बरगड्या बघायच्या, सोडायचा. रनाळ्याच्या जत्रेतल्या कुस्त्या बघून आलेली आमच्या गावची पोरं पारावर मांड्या थोपटत बसायची, त्यांच्यापुढे असं उघडं व्हायचं? भीती म्हणजे एवढीच होती, की ते हसतील.

शेवटी एका सकाळी डोळे मिटल्यासारखं करून गेलो. वस्तादांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. हसले नाहीत. म्हणाले, "पहिले पंधरा दिवस माटी खंद. मंग जोर."

हा तिथला नेमच होता. नव्या माणसाने रोज सगळ्यांच्या आधी येऊन कुस्तीच्या हौदातली माती कुदळीने उकरायची, ढेकळं फोडायची, ताक आणि तेल घालून मऊ करायची. मी अर्ध्या हौदापर्यंतही पोहोचलो नाही. तळहाताला फोड आले, धाप लागली, आणि उरलेला हौद एका पोराने पुरा केला.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या सालदाराला बरोबर नेलं. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीने घरी राहिलेला गडी. हा भिल्ल होता, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. आमच्या घरात खणायचं काम निघालं की सालदाराला सांगायचं, हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं की त्यात काही वावगं आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी खुशाल कडेला उभा राहिलो आणि तो हौदात उतरला.

घटकाभरात त्याने माती लोण्यासारखी केली. जोर मारणारे थांबून त्याच्या पाठीकडे बघत राहिले. मग वस्ताद माझ्याकडे वळले.

"माटी त्यानी खंदी, मंग जोर बी त्यालेच मारू दे. तू घर जाय, दूध पी."

ज्या हसण्याला तीन महिने भ्यालो होतो, ते सगळं एकदम अंगावर आलं.  सालदार तेवढा हसला नाही, तो कुदळीची माती पुसत होता.

मी तालमीचं नाव टाकलं. चार दिवसांनी शेताच्या बांधावर सालदाराने आपण होऊन माझ्या हातात कुदळ दिली. "भाऊ, हातवर जोर दिऊ नका. कंबरमाईन उचला. ती आपसूक पडस, तिले पडू द्या." रोज सकाळी तो मला बांधाकडेची कडक जमीन खणायला लावायचा. चुकलं की हसायचा नाही, माझा कोपर धरून सरळ करायचा. आठवड्याभरात फोडांचे घट्टे झाले.

मग मी परत गेलो आणि अख्खा हौद एकट्याने उकरला. वेळ लागला, पण कुणी हसलं नाही. तिसऱ्या दिवशी तर कुणी बघितलंही नाही. तेव्हा कळलं, की तालमीत जो तो आपल्याच मांड्या बघण्यात गुंग असतो. तीन महिने मी उगाचच मेलो होतो! पंधरा दिवस भरले, वस्तादांनी मला जोर मारायला उभं केलं आणि माझी भीती गेली ती गेलीच.

त्याच सकाळी सालदार काही निरोप घेऊन तालमीच्या दारात आला. वस्ताद मला म्हणाले, "त्याले सांग, सकायपासून लंगोट लिसन ये. असा गडी दहा गावमा नही."

उद्यापासून लंगोट घेऊन यायचं हे बोलावणं सालदाराने ऐकलं होतं. पायातली पायताणं काढून तो उंबऱ्याशी उभा होता आणि वस्तादांकडे नाही, माझ्याकडे बघत होता. त्याला एवढ्या आशेने कशाकडे बघताना मी कधी पाहिलं नव्हतं.

महिन्याभरात हा मला चीत करेल, सगळ्यांदेखत करेल, एवढंच माझ्या मनात आलं.

"त्याले नही आवडत," मी म्हणालो. "आनि वावरमा काम शे."

काम काही नव्हतं. कापूस वेचून झाला होता, बैलही बसून होते. वस्ताद माझ्याकडे बघत राहिले. त्यांना खोटं कळलं होतं, आणि आता ते सगळ्यांसमोर बोलून दाखवणार होते.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "खरं शे वस्ताद. माले नही आवडत."

मी जोर मारायला खाली वाकलो आणि तो निघून जाईपर्यंत मान वर केली नाही.